भग्न अस्थी आणि श्रमणांचा हात

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ हा उंच डोंगरमाथ्याचा मुलूख. येथे कोणी झाडावरून वा दरडीवरून पडला, तर क्ष-किरण चित्रासाठी त्याला मोखाडा किंवा जव्हार गाठावे लागते. तोवर हाड मोडले की सांधा मुरगळला, हे ठरविणारे साधन एकच : माणसाचा हात.

रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले ते १८९५ साली. त्यापूर्वी जगभर हाच हात होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे ६ आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत. पुष्कळ सूज, स्पर्श न सोसणे, दाबताच होणारा आवाज, कोणत्याही स्थितीत आराम न पडणे, ही त्यांची लक्षणे. आवाज मुद्दाम काढून पाहणे आता वर्ज्य आहे, कारण मोडलेली टोके रक्तवाहिनीस इजा करतात. बाकीची लक्षणे आजही खरी आहेत. १९९२ साली कॅनडातील ओटावा येथे घोट्याच्या दुखापतीसाठी नियम बांधले गेले, तेही हातावरच : घोट्याच्या हाडाची मागची कड वा टोक दाबून दुखते काय, रोगी ४ पावले टाकू शकतो काय? यांपैकी काहीच आढळले नाही, तर चित्राची सहसा गरज नसते. दूरच्या पाड्यांस हा नियम शहरापेक्षा अधिक मोलाचा, असे आम्हांस वाटते.

परंतु रोग्याला हात लावणाऱ्याची या देशात प्रतिष्ठा काय होती? मनुस्मृतीने वैद्याचे अन्न निषिद्ध ठरविले. उलट महावग्गात तथागत आनंदासह आजारी भिक्खूला स्वतः धुतात, आणि भेसज्जक्खन्धकात अंगवातावर शेक, सांध्यांच्या वातावर रक्तमोक्षण यांस अनुज्ञा देतात. तक्षशिलेत ७ वर्षे शिकलेला जीवक याच संघाचा वैद्य. अनुभवाधिष्ठित वैद्यक श्रमणांमध्ये वाढले, हे केनेथ झिस्क यांनी १९९१ च्या ग्रंथात मांडले आहे. सुश्रुतसंहितेचा प्रतिसंस्कर्ता नागार्जुन होता, असे टीकाकार डल्हण सांगतो. तो माध्यमिक आचार्यच, असा आग्रह मात्र आम्ही धरणार नाही.

त्याच संहितेत वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली व बांबू आधारासाठी सांगितले आहेत. पळस, उंबर आणि बांबू सूर्यमाळच्या माणसाला परके नाहीत. बंध सैल असल्यास सांधा स्थिर होत नाही, घट्ट असल्यास सूज व वेदना वाढतात, हा इशाराही तेथेच आहे. बांबूच्या कामट्या आवळल्यावर बोटे गार, बधिर वा काळसर झाली, तर बंध तत्काळ सैल करावा, चोळू नये, आणि रोग्याला, डोलीतून का होईना, रुग्णालयात हलवावे.