गाठीमागे एक रुपया

घोडपदेवहून पूर्वेला निघून हार्बरचे रूळ ओलांडले की पोर्ट ट्रस्टची जमीन लागते. 1920 च्या दशकात कुलाब्याचा कापसाचा बाजार उठून इकडे, शिवडीच्या अंगाला आला आणि स्टेशनाला कॉटन ग्रीन हे नाव मिळालं. वऱ्हाड-खानदेशातून येणारी, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली 392 पौंडांची गाठ मुंबईत शिरली की तिच्यावर एक रुपया कर पडायचा. हा रुपया गोदीसाठी नव्हता की रस्त्यांसाठीही नव्हता. गिरणी कामगारांना खोल्या बांधून देताना सरकारला जी तूट येईल, ती त्यातून भरायची होती.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. गिरण्यांना अमाप नफा झाला होता, भाडी आणि जागांचे भाव भडकले होते. त्या काळच्या पाहणीत मुंबईतल्या कामगार कुटुंबांपैकी 97 टक्के कुटुंबं एकेका खोलीत राहत असल्याचं आढळलं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभं केलं आणि त्याच्या हाती एकदम दोन प्रचंड कामं दिली. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या आणि बॅकबेचा समुद्र हटवून 1,145 एकर जमीन काढायची. पैशासाठी साडेसहा टक्के व्याजाचे कर्जरोखे काढले गेले.

बॅकबेचा हिशोब वरवर सोपा होता. भराव घालायचा, प्लॉट विकायचे, आलेल्या पैशातून कर्ज फेडायचं. म्हणजे जी जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्या 1920 च्या चढ्या भावावर सगळी फेड अवलंबून होती. 1922 नंतर तेजी ओसरली, भाव कोसळले. व्याज मात्र ठरल्या दराने चढत राहिलं. साडेतीन कोटींच्या थोडा वर असलेला खर्चाचा पहिला अंदाज काम सुरू होईपर्यंत सात कोटींवर गेला होता.

गाळाने तर घातच केला. बंदराच्या तळाचा चिखल ड्रेजरने उपसून नळांमधून बॅकबेत आणायचा आणि समुद्रभिंतीच्या आत सोडायचा, अशी योजना होती. त्यासाठी मागवलेल्या ड्रेजरला गव्हर्नरांचंच नाव दिलं होतं. पण भिंतीच्या पायात टाकलेल्या दगडांना फटी होत्या. आत सोडलेला चिखल भरती-ओहोटीबरोबर त्या फटींतून परत समुद्रात जात राहिला. कर्जाऊ पैशाने उपसलेला गाळ रोज असा वाहून जात असताना खात्याचे अहवाल मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत होते.

याच काळात दिल्लीलाही तुटीने घेरलं होतं. लॉर्ड इंचकेप यांच्या अध्यक्षतेखाली खर्चकपात समिती बसली. मुंबईचे पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि दादिबा दलाल हे तिचे सदस्य होते. 1923 मध्ये समितीने सुमारे 19 कोटींची कपात सुचवली. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाचा नकार डावलून मिठावरचा कर मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपये करण्यात आला. तूट भरायची वेळ आली की गरिबाच्या मिठाला हात घालायचा, ही अन्यायाची रीत तेव्हाही होतीच.

बॅकबेला लगाम घातला तो बाहेरच्या माणसाने. वकील आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य खुर्शेद नरिमन यांनी आकडे मागितले. ड्रेजरची क्षमता किती, उपसा किती, भिंत कोणी तपासली, हे प्रश्न त्यांनी सभागृहात आणि वर्तमानपत्रांत लावून धरले. लोक त्या प्रकल्पाला उघडपणे लॉइडचा मूर्खपणा म्हणू लागले. 1926 मध्ये सर ग्रिमवुड मिअर्स यांची चौकशी समिती नेमावी लागली. खात्यातले बडे इंजिनिअर हार्वे यांनी नरिमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातून निर्दोष सुटले. भरावाच्या आठ भागांपैकी 1, 2, 7 आणि 8 एवढेच पुरे करायचे ठरले आणि कुलाब्याकडचा सातवा भाग लष्कराला विकला गेला. सरकारी खर्चाला आळा घालायचा तर हिशोब मागणारा असा माणूस सभागृहात लागतो, आणि त्याला खटल्याची भीती वाटून चालत नाही.

कपातीची कुऱ्हाड मात्र सारखी पडली नाही. 50,000 खोल्यांपैकी जेमतेम 16,000 च्या वर झाल्या आणि काम थांबलं. वरळीला 121 चाळी, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12. तळमजला अधिक तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. खोलीचा खर्च भरून निघेल एवढं भाडं कामगाराला झेपणारं नव्हतं. ते कमी करून गाठीवरच्या रुपयातून तूट भरली, तरी वरळीच्या कितीतरी चाळी रिकाम्या राहिल्या. गिरण्या लांब होत्या, आसपास धड बाजारही नव्हता. 1930 च्या कायदेभंगात सरकारने त्यातल्याच काही चाळींचा सत्याग्रहींसाठी तुरुंग केला. एवढ्या कर्जाचं असं काही होईल, हे 1920 मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसेल.

तरी त्या दशकातल्या दोन कर्जांपैकी लोकांच्या अधिक उपयोगी पडलं ते चाळींचंच. पुढे वस्ती भरली, एकेका खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना पुनर्विकासातल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शिवडीच्या 12 चाळी त्या योजनेबाहेर राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यातली आहे.