कुंड्यांतील सातशे वर्षे

डोंबिवलीतील आमची गॅलरी जेमतेम आठ फूट लांब. तीत अकरा कुंड्या, दोन पत्र्याचे डबे आणि गजांवर चढविलेला गोकर्णीचा एक वेल, एवढाच आमचा बगीचा. पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करावयाची आहे, आणि भाड्याच्या घरात एवढ्या कुंड्या मावणार नाहीत. कोणत्या न्याव्यात, कोणत्या शेजाऱ्यांना द्याव्यात, याची यादी करावयास बसलो, तेव्हा ध्यानात आले की ठाणे-कल्याणच्या इतिहासाची बरीच पाने या मूठभर मातीत दडलेली आहेत.

या किनाऱ्यावरील ऋतू आणि झाडे यांविषयी लिहून ठेवणाऱ्या जुन्या युरोपीय प्रवाशांत जॉर्डन काताला या डॉमिनिकन संन्याशाचे नाव आदराने घ्यावे लागते. चार फ्रान्सिस्कन बंधूंसह निघालेला हा धर्मप्रचारक १३२१ साली ठाण्यास उतरला. भारतातील नवलांवर त्याने पुढे लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. येथे सलग तीन महिने पाऊस पडतो, उरलेले नऊ महिने कोरडे जातात, तरीही रोज पडणाऱ्या दवामुळे जमीन सुपीक राहते, असे त्याने नोंदविले आहे. गॅलरीतल्या माळ्यालाही हेच वेळापत्रक पाळावे लागते.

पावसाळ्यापूर्वी कुंड्यांच्या तळाची भोके मोकळी करून त्यांवर खापराचा तुकडा ठेवावा, लाल मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. अन्यथा आषाढातल्या संततधारेत मुळे कुजतात. जुलैमध्ये आम्ही झेंडूचे बी टाकतो. रोप वीतभर झाले की शेंडा खुडतो, म्हणजे फांद्या फुटून दसऱ्याच्या सुमारास फुले येतात. हा झेंडू आपल्याला इतका घरचा वाटतो की तो पाहुणा आहे हे सांगूनही पटत नाही. त्याची मायभूमी मेक्सिको. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांच्या काळात तो आपल्याकडे आला आणि शेजाऱ्यांच्या दारावरील तोरणात जाऊन बसला. २ नोव्हेंबरला, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत आपण आपल्या माणसांच्या कबरींवर झेंडूच्या माळा वाहतो. त्याच दिवशी मेक्सिकोतील कुटुंबेही आपल्या मृतांसाठी हेच फूल वाहतात. कोणी कोणाला शिकविले नाही, तरी दोन्हीकडे तेच फूल.

सप्टेंबरात लावलेली मिरची थंडीत लगडते. तीही अमेरिकेचीच. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या ग्रंथात मिऱ्यांवर प्रकरण आहे, मिरचीवर नाही. म्हणजे तोवर आपल्या स्वयंपाकाचा तिखटपणा मुख्यत्वे मिऱ्यांवर होता, आणि नव्या फळाला नावही मिऱ्यांवरूनच मिळाले. पपई, अननस, काजू ही नावे तर थेट पोर्तुगीजांच्या तोंडून मराठीत उतरली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. सत्ता गेली, इमारतीच्या आवारातील पपई मात्र अजून फळते आहे. थंडीत कठड्याबाहेरच्या कुंड्यांवर सकाळी दव दिसते, त्यांना पाणी एक दिवसाआड पुरते. आतल्या कुंड्यांना स्लॅबमुळे दव लाभत नाही. त्यांची माती बोटाने चाचपूनच पाणी घालावे.

जानेवारीअखेर मोगऱ्याची छाटणी करतो. मार्चपासून कळ्या धरतात, आणि मे महिन्यात पवित्र मारियेच्या तसबिरीपुढे रोज ओंजळभर फुले ठेवता येतात.

उन्हाळ्याचे दिवस आले की जॉर्डनची आठवण अधिक येते. एप्रिल १३२१ मध्ये त्याच्या चारही सोबत्यांना ठाण्यात हौतात्म्य आले. तो त्या वेळी बाहेरगावी होता. परतल्यावर त्याने त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. याच माणसाने आंब्याविषयी लिहिले आहे की त्याची गोडी शब्दांत सांगणे अशक्य. फळाचा आकार त्याने मोठ्या प्लमएवढा दिला आहे, तेव्हा तो रायवळच असावा. हापूसची कलमे पुढच्या काळातली. ज्या भूमीत आपले चार सोबती मातीआड केले, त्या भूमीच्या फळाविषयी त्याच्या लेखणीत कडवटपणा नाही.

आमचा मोगरा ठाण्याचा. आजोळच्या अंगणातील झाडाचे दाब कलम आईने डालड्याच्या डब्यात घालून लोकलने आणले होते. याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोहोचली. गाडीपाठोपाठ वस्ती वाढली, वस्तीपाठोपाठ वाड्या आणि अंगणे गेली. आजोळच्या अंगणातही आता इमारत उभी आहे. ते झाड राहिले नाही. त्याची फांदी तेवढी आमच्याकडे आहे.

यादी अखेर पुरी झाली. झेंडूचे बी पाकिटात बांधून घेतले. मिरची शेजारच्या वहिनींना दिली. मोगरा आमच्याबरोबर येईल. पण जुनी मुळे हलविलेली सोसतील की नाही याचा भरवसा नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यातच त्याच्या चार फांद्या मातीत दाबून ठेवल्या होत्या. चारही रोपे धरली. ती चार घरांत दिली आहेत. आमचा मोगरा न जगला, तर त्यांपैकी एखाद्या घरी जाऊन फांदी मागता येईल.