शिक्षिकेचे उंदीर

‘उंदरांवरील प्रयोग’ हे शब्द आपण नेहमी वाचतो. पण प्रयोगशाळांना हे उंदीर मिळाले कुठून? बरेचसे हौशी लोकांच्या पिंजऱ्यांतून!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप (१८६८–१९१८) या निवृत्त शिक्षिका राहत. कोंबडीपालन जमले नाही, तेव्हा १९०० च्या सुमारास त्या पाळण्यासाठी उंदीर विकू लागल्या. गिऱ्हाइके निरनिराळे रंग मागत, गिरक्या घेणारे ‘नाचरे’ उंदीरही मागत. या गिरक्यांचे कारण अंतःकर्णातला आनुवंशिक दोष. हवा तो गुण टिकवायचा तर पिल्ले कोणत्या जोडीची, याची नोंद हवीच. बाई ती काटेकोर ठेवत.

१९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले होते. ते सस्तन प्राण्यांत तपासण्यासाठी हार्वर्डचे विल्यम कॅसल बाईंकडून उंदीर घेऊ लागले.

पुढे काही उंदरांच्या त्वचेवर विकृती दिसली. बाईंनी नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोएब यांनी निदान केले: कर्करोग. मग दोघांनी मिळून संशोधन केले. अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये स्तनाच्या गाठी कमी होतात, असे त्यांना आढळले. शोधनिबंधांवर बाईंचेही नाव आहे.

१९२१ मध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी बाईंकडच्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून ‘सी-५७’ हा वंश तयार केला. २००२ मध्ये उंदराच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला, तो याच वंशाच्या एका शाखेचा.

आपले विद्यार्थी पावसाच्या, पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. त्या वह्या तपासताना आपण ग्रॅनबीची ही वही आठवू या.