पुस्तकाचा पत्ता सांगणारा नकाशा

इटियाडोह धरणाविषयी वाचण्यासाठी ग्रंथालयात गेलेल्या विद्यार्थ्याला एकाच कपाटाशी थांबून चालत नाही. ड्युई दशांश वर्गीकरणानुसार धरणबांधणीची पुस्तके ६२७.८ या वर्गांकाखाली, सिंचनशेतीची ६३१.५८७ खाली, तर महाराष्ट्राच्या इतिहासाची ९५४.७९ ने सुरू होणाऱ्या वर्गांकाखाली लावली जातात. गोठणगावजवळ गाढवी नदीवर असलेले हे धरण आज गोंदिया जिल्ह्यात मोडते. मात्र हा जिल्हा भंडाऱ्यातून १९९९ मध्ये वेगळा झाला. साहजिकच त्यापूर्वीचे संदर्भ भंडारा जिल्ह्याच्या नावाखाली शोधावे लागतात. विषय एक, कपाटे अनेक!

संगणकीय तालिका पुस्तकाचा बोधांक देते. परंतु त्या बोधांकाचे कपाट कोणत्या मजल्यावर, कोणत्या रांगेत आहे, हे नवख्या वाचकाला त्यावरून उमगत नाही. ही उणीव ग्रंथालयाचा डिजिटल नकाशा भरून काढतो.

या नकाशाची रचना सोपी आहे. प्रथम प्रत्येक मजल्याचा आराखडा काढून रॅकना क्रमांक दिले जातात. त्यानंतर रॅकच्या प्रत्येक बाजूवरील पहिला व अखेरचा बोधांक तक्त्यात नोंदवला जातो. वाचकाने तालिकेत पुस्तक निवडले, की त्याचा बोधांक कोणत्या दोन टोकांमध्ये बसतो हे संगणक तपासतो आणि आराखड्यावर तो रॅक ठळक करून दाखवतो. मात्र बोधांकांचा क्रम दशांशानुसार लावावा लागतो. मराठी कादंबरीचा ८९१.४६३ हा अंक ८९१.५ च्या आधी येतो. लेखकाची अक्षरे देवनागरीत असल्यास वर्णमालेचा क्रमही संगणकाला शिकवावा लागतो.

नकाशा रॅक दाखवतो, पुस्तक नव्हे. चुकीच्या जागी ठेवलेली प्रत त्याला सापडत नाही. पुस्तके हलवल्यावर तक्ता सुधारला नाही, तर नकाशाच वाचकाची दिशाभूल करतो. म्हणूनच कपाटांची नियमित तपासणी अटळ ठरते.

वाचकाचा वेळ वाचवावा, हे तत्त्व डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत मांडले होते. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली ‘कोहा’ ही संगणक प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्या तालिकेला असा नकाशा जोडता येतो. तेवढेही शक्य नसेल, तर प्रवेशद्वाराशी लावलेला अद्ययावत आराखडासुद्धा वाचकाला रिकाम्या हाताने परतू देणार नाही.