आयटीआयची वंशावळ

फिटर ट्रेडला प्रवेश घेतलेल्या मुलाच्या हातात सुरुवातीला यंत्र देत नाहीत, कानस देतात. वाईसमध्ये आवळलेला लोखंडी तुकडा घासायचा, त्यावर ट्राय स्क्वेअर टेकवायचा आणि उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचे. खांदे भरून येतात, तळहाताला फोड येतात आणि हळूहळू हाताला सपाटी कळू लागते. ही कानस धरायला आज कोणत्याही घरातला मुलगा किंवा मुलगी दहावीच्या गुणांवर येऊ शकते. एवढी साधी गोष्ट घडून यायला शंभर वर्षे लागली.

त्याआधी हुन्नर जन्माने मिळायचे. लोहाराचा भाता लोहाराच्या पोराने ओढायचा, सुताराची वाकस सुताराच्या पोराने चालवायची. बलुतेदारीत पिढ्यान्‌पिढ्यांचे पक्के ज्ञान होते, पण बाहेरच्याला तिथे दार बंद होते.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारण्याचे मनावर घेतले आणि दोन वर्षांत ती सुरू झाली. कोकणातून आणि घाटावरून लोंढे आले. त्यांना काम शिकवायला शाळा नव्हती, जॉबर होता. भरती तोच करी, शिकायची संधी तोच देई आणि घरीही तोच बसवी. त्याची मर्जी सांभाळणाऱ्याला साचा मिळे, बाकीचे बदली म्हणून गेटवर ताटकळत. जात तर गिरणीतही आली. धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. तेवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगारांना जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. यंत्र नवे आले होते, पण ते कोणी शिकायचे हे जुनीच व्यवस्था ठरवत होती.

संस्था निघाल्या, पण त्यांची नजर वरच्या जागांवर होती. पुण्यात १८५४ मध्ये निघालेला अभियांत्रिकी वर्ग सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी होता. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, सुरू झाली आणि गिरण्यांना जाणते तंत्रज्ञ मिळू लागले. तिथे शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बढती नाकारली गेली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला गेले. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना हाताशी धरून नांगराचा कारखाना चालवला. शेतकऱ्याचे पोर लोखंडाला आकार देऊ शकते, हे त्या माळावर सिद्ध झाले. पण प्रत्येक माळाला लक्ष्मणराव लाभत नाहीत.

मोठे वळण दुसऱ्या महायुद्धाने दिले. दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि लष्कराला हजारो तंत्रकुशल हात तातडीने हवे होते, म्हणून १९४० मध्ये सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. ब्रिटिश मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेतून १९४१ पासून भारतीय कामगारांच्या तुकड्या शिकायला इंग्लंडला गेल्या. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी दलित मुलांसाठी सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवारीची सोय मागितली. नुसत्या पुस्तकी शिक्षणाने दारिद्र्य हटणार नाही, हातात तंत्र हवे, ही त्यांची पक्की धारणा होती. त्यांच्याच खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांना कामाला लावणे हा त्याचा हेतू; फाळणीनंतर निर्वासितांचा भारही त्यावरच आला.

या महासंचालनालयातून १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना निघाली, आणि हीच आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची, जन्मवेळ. १९५६ मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र देशभर एकच राहिल्या. साताऱ्याच्या टर्नरचे प्रमाणपत्र भिलाईत चालू लागले. हुन्नर पहिल्यांदाच कागदावर आले. त्यावर जॉबरची मर्जी चालेना आणि जातही आडवी येईना.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने दुसरा दुवा जोडला. वर्गात शिकायचे, मग कारखान्यात विद्यावेतनावर हात बसवायचा आणि कारखान्यांनी अशा उमेदवारांना घेतलेच पाहिजे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. त्याच दशकात सुमंत मुळगावकरांनी पुण्यात टेल्कोचा कारखाना उभारताना प्रशिक्षण केंद्राला पहिल्या कामांत स्थान दिले. पिंपरी-चिंचवडच्या अनेक लहान वर्कशॉपांचे मालक शिकाऊ उमेदवार म्हणूनच कारखान्यात शिरले होते.

कागदाचे मोल मुंबईतल्या १९८२ च्या गिरणी संपानंतर उघडे पडले. सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी असंख्य जण देशोधडीला लागले. वीस-वीस वर्षे साचा चालवलेल्या हातांपाशी ते कौशल्य दुसऱ्या दारात दाखवायला काहीच नव्हते.

आज राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. २०१४ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा सैल झाला आणि २०१६ पासून विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र सरकार उचलते. कोल्हापूरला ओतकाम जाणणारा हवा, इचलकरंजीला मागाचा जाणकार, चाकणला सीएनसी आणि रोबोट सांभाळणारा. ट्रेड कोणते चालवायचे हे त्या त्या भागाच्या गरजेवर ठरले पाहिजे, निदेशकांच्या जागा भरल्या पाहिजेत, यंत्रे आजची हवीत. सगळ्यात आधी मात्र ‘काही जमले नाही तर आयटीआय’ हे घराघरांतले बोलणे थांबले पाहिजे. जन्माच्या आणि मर्जीच्या कुलुपातून हुन्नर सोडवणारी ही संस्था आहे. तिला दुय्यम लेखणे म्हणजे ज्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो, तिचाच हिशेब पुन्हा मान्य करणे.