तबकडीवर उरलेले सूर

आपल्या हर्नडनहून सिल्व्हर लाइनने गाडी न बदलता कॅपिटल साउथला उतरता येते. तिथून लायब्ररी ऑफ काँग्रेस अगदी जवळ. तिच्या संगीत विभागात सर्गेई रखमानिनोव्ह (१८७३–१९४३) या रशियन संगीतकाराची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. आपल्यापैकी बहुतेकांचे कान ख्यालावर आणि नाट्यसंगीतावर तयार झालेले. तरीही या परमुलखात आलेल्या कलावंताच्या ध्वनिमुद्रिकांची कथा आपल्या मंडळींना सांगावी असे मला वाटले.

राज्यक्रांतीनंतर, डिसेंबर १९१७ मध्ये, रखमानिनोव्ह पत्नी आणि दोन मुलींसह रशियातून निघाले ते कायमचेच. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कला पोचले. जमीनजुमला मागे राहिला. संसार चालवण्यासाठी गावोगाव पियानोवादनाच्या मैफली सुरू झाल्या. पुढल्या पंचवीस वर्षांत क्रमांक दिलेल्या नव्या रचना झाल्या फक्त सहा!

त्यांपैकी पागानिनीच्या धुनेवरची ‘ऱ्हॅप्सडी’ प्रथम वाजली ती आपल्या शेजारच्या बाल्टिमोरमध्ये, ७ नोव्हेंबर १९३४ रोजी. पियानोवर स्वतः संगीतकार, साथीला फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि संचालक स्टोकोव्स्की. सात आठवड्यांच्या आत, २४ डिसेंबरला, याच मंडळींनी न्यूजर्सीतल्या कॅमडेन येथे तिचे ध्वनिमुद्रण केले.

त्या काळच्या ७८ फेऱ्यांच्या मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत. म्हणून ही रचना तीन तबकड्यांच्या सहा बाजूंवर विभागावी लागली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी जेमतेम तीन मिनिटांत राग उभा केलेला आपण ऐकला आहे. अडचण तीच होती. आणखी एक नाते आहे. या तबकड्या लाखेच्या असत आणि ती लाख मोठ्या प्रमाणावर भारतातल्या जंगलांतून येई.

रखमानिनोव्ह यांनी स्वतः संचालन केलेल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिका अवघ्या तीन रचनांच्या आहेत: १९२९ मधील ‘व्होकलीज’ व ‘मृतांचे बेट’ आणि १९३९ मधील तिसरी सिंफनी. त्यांची शेवटची रचना ‘सिंफॉनिक डान्सेस’. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने ऑर्मंडींच्या संचालनाखाली ती ३ जानेवारी १९४१ रोजी प्रथम सादर केली. मात्र संगीतकाराच्या स्वतःच्या संचालनाखाली ती कधीच मुद्रित झाली नाही. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. १ फेब्रुवारी १९४३ ला रखमानिनोव्ह अमेरिकन नागरिक झाले आणि दोन महिन्यांच्या आतच, २८ मार्चला, त्यांचे निधन झाले.

पण गोष्ट इथे संपत नाही. पहिल्या कार्यक्रमाच्या काही दिवस आधी, २१ डिसेंबर १९४० रोजी, त्यांनी ही रचना ऑर्मंडींना पियानोवर वाजवून दाखवली होती. मधूनमधून ते गुणगुणतही होते. ते खाजगी मुद्रण २०१८ साली प्रसिद्ध झाले. मोठमोठ्या स्टुडिओंच्या हातून जे निसटले, ते एका खाजगी बैठकीत टिकले!

तुमच्या-आमच्या कपाटांतही जुन्या कॅसेटी असतील: आजीच्या ओव्या, वडिलांची पेटी, घरगुती बैठक. त्यांची फीत झिजण्याआधी नवी प्रत करून घ्यावी आणि कोणाचा आवाज, कुठला, कोणत्या साली, हे मुलांना वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवावे. एवढीच आग्रहाची विनंती.