वीर्यसंचयाची कल्पना आणि पुरुषाची प्रजननक्षमता : र. धों. कर्वे यांच्या कार्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात स्त्रीच्या शरीरासंबंधीच्या रूढींची चर्चा पुष्कळ झाली आहे. बालविवाह, केशवपन, वैधव्य या प्रश्नांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. त्या मानाने पुरुषाच्या शरीराविषयीच्या समजुतींकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वीर्य हा मर्यादित साठा असून तो जितका राखावा तितके बल, बुद्धी आणि संततीची क्षमता वाढते, ही अशीच एक समजूत होय. व्यायामशाळा, वसतिगृहे आणि नीतिपर पुस्तके यांच्याद्वारे ती अनेक पिढ्यांच्या मनात रुजली. प्रस्तुत निबंधात या समजुतीची जडणघडण, तिला र. धों. कर्वे यांनी दिलेले आव्हान आणि स्खलनाची वारंवारता व प्रजननक्षमता यांविषयीचे आजचे वैद्यकीय ज्ञान यांचा परामर्श घेतला आहे.

वीर्यरक्षणाच्या कल्पनेची जडणघडण

या समजुतीचे मूळ आयुर्वेदात आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते अंशतःच खरे आहे. रसापासून शुक्रापर्यंतच्या सप्तधातूंमध्ये शुक्र हा अखेरचा व सारभूत धातू मानला आहे, यात शंका नाही. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात जे तेरा नैसर्गिक वेग अडवू नयेत असे सांगितले आहे, त्यांत मूत्र, क्षुधा, निद्रा यांच्याबरोबर शुक्राचाही वेग आहे. चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच वाजीकरणाचे विवेचन येते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर ऋतुमानानुसार समागमाचे अंतर दिले आहे. हिवाळ्यात इच्छेनुसार, वसंत व शरद ऋतूंत तीन दिवसांनी, ग्रीष्म व वर्षा ऋतूंत पंधरवड्याने, असा तो दंडक आहे. म्हणजे प्राचीन वैद्यकाचा भर प्रमाणावर होता, संपूर्ण निरोधावर नव्हता.

स्खलनाच्या भीतीला उग्र रूप येण्यामागे युरोपीय वैद्यकाचाही मोठा वाटा होता. लोझान येथील वैद्य तिसो याने १७६० मध्ये हस्तमैथुनावर लिहिलेल्या ग्रंथात, एक औंस वीर्य जाणे हे चाळीस औंस रक्त जाण्याहून अधिक दुर्बल करणारे असते, असे प्रतिपादन केले. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकावर या मताचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. वसाहतकाळात या मताला आपल्याकडील ब्रह्मचर्याच्या आदर्शाची जोड मिळाली आणि पारतंत्र्यातील राष्ट्राला बलवान तरुण हवेत, या विचाराने त्याला देशभक्तीचे अधिष्ठान लाभले. महात्मा गांधींनीही संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना विरोध करून संयमाचाच मार्ग सांगितला. डिसेंबर १९३५ मध्ये वर्धा येथे मार्गारेट सँगर यांच्याशी झालेल्या भेटीत त्यांनी हीच भूमिका मांडली होती.

'समाजस्वास्थ्य' आणि १९३४ चा खटला

या वातावरणात रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांचे कार्य उठून दिसते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी उघडले. या प्रचारापायी कर्वे यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, नेटाने चालविले. पत्नी मालतीबाई यांनी या काळात संसाराचा भार सोसला, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

या मासिकाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील वाचकांची प्रश्नोत्तरे. जे प्रश्न घरी, शाळेत वा वैद्यासमोर विचारता येत नव्हते, ते वाचक कर्वे यांना विचारीत आणि कर्वे त्यांना बुद्धिवादी भूमिकेतून सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ मध्ये चाललेल्या या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावरील प्रत्येक लेखन अश्लील ठरत नाही आणि वाचकांच्या शंकांना ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तथापि न्यायालयाने कर्वे यांना दोषी ठरवून दोनशे रुपये दंड केला. शरीराविषयीचे ज्ञान सार्वजनिकरीत्या सांगणे हाच त्या काळी गुन्हा ठरला.

संचय नव्हे, प्रवाह

कर्वे यांच्या हयातीत पुरुषाच्या प्रजननक्षमतेचे मोजमाप आजच्याइतके प्रगत नव्हते. आज चित्र पुष्कळच स्पष्ट झाले आहे. वृषणात शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. ही निर्मिती अखंड चालू असते. त्यानंतर शुक्राणू वृषणालगतच्या अधिवृषणात परिपक्व होतात व काही काळ साठतात. संयमाचे दिवस वाढले की वीर्याचे आकारमान आणि शुक्राणूंची संख्या वाढते हे खरे. पण हा लाभ एकांगी आहे, कारण फार काळ साठून राहिलेल्या शुक्राणूंची गतिशीलता घटते व त्यांतील डीएनएची हानी वाढण्याचा संभव असतो.

इस्रायलमधील एका अभ्यासात ९,४८९ वीर्यनमुने तपासण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, शुक्राणूंची संख्या मुळातच कमी असलेल्या पुरुषांत दीर्घ संयमाने गुणवत्ता सुधारत नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डेव्हिड ग्रीनिंग यांनी डीएनएची हानी अधिक असलेल्या ११८ पुरुषांना सात दिवस रोज स्खलन करण्यास सांगितले असता, हानीचे सरासरी प्रमाण ३४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना वीर्यतपासणीपूर्वी दोन ते सात दिवसांचा संयम सांगते. परंतु तो नमुन्यांची तुलना करता यावी यासाठीचा संकेत आहे, गर्भधारणेसाठीचा नियम नव्हे.

प्रत्यक्ष गर्भधारणेच्या दृष्टीने १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला विल्कॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास महत्त्वाचा आहे. बीजोत्सर्गाचा दिवस व त्यापूर्वीचे पाच दिवस, असा सहा दिवसांचाच काळ गर्भधारणेस अनुकूल असतो. या काळात रोज संबंध आल्यास एका मासिक चक्रात गर्भधारणेची शक्यता सुमारे ३७ टक्के, एक दिवसाआड आल्यास ३३ टक्के, तर आठवड्यातून एकदाच आल्यास १५ टक्के, असे अनुमान निघाले. अपत्यासाठी वीर्य 'राखून' ठेवणारे दांपत्य नकळत आपलीच संधी दवडत असते.

समारोप

या इतिहासाचे सामाजिक परिणाम दुहेरी आहेत. एकीकडे वीर्यनाशाच्या भीतीने असंख्य तरुण अकारण अपराधी भावनेत जगले. १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. दुसरीकडे, ज्याने वीर्य राखले तो पुरुष समर्थच असणार, असे गृहीत धरल्यामुळे मूल न होण्याचा दोष स्त्रीच्या माथी आला. 'वांझ' हा शब्द आपल्या भाषेत स्त्रीलाच चिकटून राहिला. वस्तुतः सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणही असते. म्हणूनच पत्नीच्या तपासण्यांबरोबर पतीची साधी वीर्यतपासणी आरंभीच होणे आवश्यक आहे.

१९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्ये आहे. आयुर्वेद व आधुनिक वैद्यक या दोन्ही शाखा तेथे एकाच छत्राखाली आहेत. चरकाचा अधारणीय वेग आणि आजची डीएनए चाचणी यांचा संवाद घडावा, यासाठी याहून योग्य स्थान कोणते? परंतु तो संवाद वैद्यकाच्या वर्गापुरता राहू नये. कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्याही याविषयी शंका असतात आणि आपण अध्यापक बहुधा त्या टाळतो. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती मात्र त्यांना टाळत नाहीत. कर्वे यांनी संतती टाळू इच्छिणाऱ्यांसाठी जे धाडस केले, त्याची आज संतती इच्छिणाऱ्यांनाही तितकीच गरज आहे. दोनशे रुपयांच्या दंडाची भीती आता उरलेली नाही. उरला आहे तो केवळ आपला संकोच.